गावकी नसलेला किनारा

खारीला कुणी फिरायला येत नाही. भाईंदर पूर्वेच्या नवघर रोड, केबिन रोड, बी.पी. रोडच्या गर्दीत रिक्षावाल्याला ‘खारीगाव’ म्हटलं की तो पुढचं काही न विचारता नेऊन सोडतो, पण उतरल्यावर गाव शोधावं लागतं. दोन इमारतींमधली एखादी गल्ली अचानक अरुंद होते, समोर बसकं घर येतं, घराला ओटा असतो, ओट्यावर कुणीतरी मासळी निवडत बसलेलं असतं. दारावरच्या पाटीवर बहुतेक वेळा पाटील नाहीतर म्हात्रे. लग्नाच्या मोसमात मांडव रस्त्यातच पडतो आणि हळदीच्या रात्री आसपासच्या सोसायट्यांना कळतं की आपण एका गावात राहतो आहोत. एरवी ते विसरायला फारसे कष्ट पडत नाहीत.

गाव आगऱ्यांचं. वसईच्या खाडीचं पाणी जिथवर चढायचं तिथवर मिठागरं आणि त्यामागे भाताची खाचरं, असा हा सगळा पट्टा होता. मिठाचं काम दिसायला सोपं आणि करायला जीवघेणं. उधाणाचं पाणी बांधातल्या उघाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं, जड झालं की शेवटच्या वाफ्यात सोडायचं आणि मीठ धरलं की फळीने ओढून बांधावर ढीग रचायचा. अनवाणी पायांनी, एप्रिल-मेच्या उन्हात. पहिला पाऊस पडला की ते काम संपलं, मग भात. जमिनीचा हिशेब मात्र दोन्हीकडे वेगळा होता. मिठागरांची बरीच जमीन सरकारची आणि ती पट्ट्याने घेणाऱ्यांची. त्यात राबणाऱ्याच्या नावावर काही नव्हतं. भातशेती स्वतःची होती, ती विकली गेली. विकली म्हणजे फसवूनच घेतली असं नाही. कुणी लग्नासाठी विकली, कुणी भावकीच्या वाटणीत, कुणी बिल्डर दोन फ्लॅट देतो म्हणून. प्रत्येक व्यवहार त्या त्या घरापुरता शहाणपणाचाच वाटला असणार.

१२ जून १९८५ ला इथल्या पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती, २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर गेली आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत साडेचारपट. मुंबईत घर न परवडणारे लोक लोकलच्या आधाराने इथे आले, त्यात गैर काही नाही, मीही त्यांच्यातलाच. पण या वीस वर्षांत खारीला कधी कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायचं म्हटलं तरी विचारणार कुणाला? पंचायत गेलेली, शेतं गेलेली. येणाऱ्याला ‘इथे असं चालतं’ हे सांगायची सोय गावाकडे उरलेली नव्हती.

हा लेख खारीवर नाही. तो इथून दहा-एक किलोमीटरवर, त्याच महापालिकेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या उत्तनच्या किनाऱ्यावर आहे. तिथे पाहुणे येतात, रविवारी तर लोंढ्यानेच. पण खारी आधी पाहून मग उत्तनला गेलेलं बरं, म्हणजे नक्की काय पाहायला जातो आहोत ते कळतं.

भाईंदर पश्चिमेहून बस सुटते ती मुर्धा, राई, मोर्वा करत जाते. रविवारी सकाळी या मार्गावर दोन प्रकारचे प्रवासी असतात. पाठीवर सॅक, हातात चिप्सची पाकिटं आणि ब्लूटूथ स्पीकर घेतलेली पोरं शहराकडून निघालेली असतात. उलट्या दिशेच्या बसमध्ये पाट्या घेतलेल्या कोळणी असतात, भाईंदर, मीरा रोड, बोरिवलीच्या बाजारात बसायला निघालेल्या. दोन्ही गाड्या मोर्व्याच्या पुढे एकमेकींना बाजू देतात. बाहेर एका बाजूला खाजण, कांदळवन, मधूनच मिठागराचे जुने बांध. शहर एवढ्या लवकर संपतं हे पहिल्यांदा जाणाऱ्याला खरं वाटत नाही.

डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली, चौक, भाटे बंदर, पलीकडे मुंबई महापालिकेच्या हद्दीत गोराई आणि मनोरी: या साऱ्या भूभागाला जुनं नाव धारावी बेट. (दादर-माहीमकडची धारावी वेगळी. हा खुलासा इथल्या लोकांना आयुष्यभर करावा लागतो.) चौकला धारावीच्या किल्ल्याची जागा आहे आणि चिमाजी अप्पांचा पुतळा. वसईवर तोफा लावायच्या तर खाडीच्या या काठावर पाय रोवणं भाग होतं, म्हणून मराठ्यांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत धारावीसाठी रक्त सांडलं आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. त्याआधी दोन शतकं इथे पोर्तुगीज होते. डोंगरीचं बेथलेहेम मातेचं चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. इथले बहुतेक कोळी ख्रिस्ती आहेत, मिस्सा मराठीत होते, म्हाताऱ्या बायका लुगडं नेसतात आणि पावसाळ्यानंतर बोटी समुद्रात जाण्याआधी फादर येऊन त्यांना आशीर्वाद देतात. वेलंकनी मातेच्या सणाला, ८ सप्टेंबरच्या सुमारास, मुंबईभरातून भाविक इथे येतात. त्या गर्दीला गाव कंटाळत नाही. त्या दिवशी कोण कुठे उभं राहणार, गाड्या कुठे लागणार, कुणाच्या दारात पाणी मिळणार हे गावाने ठरवलेलं असतं.

रविवारच्या गर्दीचं तसं नाही. ती कुणाची पाहुणी नाही.

उत्तनच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरनंतर गेलात तर सगळ्यात आधी दिसतात ते बोंबील. बांबू रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्यांच्या ओळी ताणलेल्या असतात आणि त्यांवर हजारो बोंबील लटकत असतात. बोंबील हा मासा म्हणजे जवळजवळ पाणीच. हातात धरला तर निसटतो. त्याला टांगायची युक्ती त्याच्याच तोंडात आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. बारीक, आत वळलेले दात एकमेकांत असे रुततात की वाऱ्यातही सुटत नाहीत. बायकांचे हात हे इतक्या झपाट्याने करतात की बघणाऱ्याला जबडा कधी उघडला ते दिसत नाही. दोन-तीन दिवस कडक ऊन आणि वारा मिळाला की माल तयार. मधेच अवकाळीची एक सर आली तर अख्खी दोरी काळी पडते आणि फेकावी लागते. शेजारी जमिनीवर जवळा पसरलेला असतो, त्यापलीकडे शिवायला काढलेली जाळी.

आता हेच दृश्य रविवारच्या पाहुण्याच्या नजरेने बघा. त्याला मोकळी जागा दिसते. गाडी लावायला जागा, क्रिकेट खेळायला जागा, नाकाला रुमाल लावून फोटो काढायला ‘एकदम ऑथेंटिक’ पार्श्वभूमी. जवळ्यावरून मोटारसायकल गेली की त्याच्या लक्षातही येत नाही, कारण ते त्याला जमिनीवर सांडलेलं काहीतरी वाटतं. रिकाम्या बाटल्या मागे राहतात. दारूची फुटलेली बाटली वाळूत गेली की ती सापडते अनवाणी पायालाच. हा त्या माणसाचा दुष्टपणा नाही. चौपाटी म्हणजे सगळ्यांची, असं तो लहानपणापासून ऐकत आला आहे. उत्तनच्या बाईसाठी हीच चौपाटी म्हणजे कारखाना, गोदाम आणि अंगण एकत्र. तिथे कुठलं गेट नाही आणि पाटीही नाही.

उत्तनच्या लोकांना सामाईक गोष्टीचे नियम करता येत नाहीत असं कुणी समजू नये. इथली मासेमारी मुख्यतः डोल जाळ्याची. समुद्राच्या तळात खांब रोवून त्यांना जाळं बांधतात, भरती-ओहोटीच्या ओढीने त्याचं तोंड उघडं राहतं, ओढ थांबली की जाळं उचलायचं. खांब रोवायच्या जागेला ‘कव’ म्हणतात. समुद्रात कुंपण नसतं, तरी कुणाची कव कुठे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं, आणि उत्तन-वसईकडचे व सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार कवींच्या हद्दीवरून वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. भांडण आहे याचा अर्थच नियम आहे. १ जून ते ३१ जुलै ही सरकारी मासेमारी बंदीही हे लोक पाळतात, नुकसान सोसून. म्हणजे क्षितिजापलीकडच्या पाण्यात कोण कुठे उभं राहणार हे ज्यांना ठरवता येतं, त्यांना स्वतःच्या दारातल्या वाळूवर गाडी कुठे लावावी हे ठरवता येत नाही. असं का, हा या लेखातला खरा प्रश्न.

उत्तर बरंचसं १९९० या सालात आहे. त्या वर्षी राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन आणि वरसावे या आणखी चार ग्रामपंचायती नगरपालिकेत विलीन झाल्या. २८ फेब्रुवारी २००२ ला नगरपालिकेची महापालिका झाली. पाणी, रस्ता, दिवाबत्ती या हिशेबाने विलीनीकरणाचे फायदे असतील. पण ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभा गेली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात सरपंचाला उभं करून ‘हा ठराव कुणाला विचारून केलास?’ असं विचारायची जी कायदेशीर जागा असते, ती उत्तनला राहिली नाही. तिच्याऐवजी आठ लाखांच्या शहरातला एक प्रभाग मिळाला. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ च्या ऑगस्टमध्ये संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ त्या प्रभागाला नगरसेवकही उरला नाही; शहरावर प्रशासक होता.

पर्यटनाची मोठी स्वप्नं मात्र या किनाऱ्यावर सतत पडत राहिली. १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड उघडलं. त्याच्या जाहिरातीची धून नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही मराठी मुलाला आजही झोपेत म्हणता येईल. १९९८ मध्ये वॉटर किंग्डम आलं. माणसं बोरिवलीहून लाँचने किंवा भाईंदरहून बसने येत, कुंपणाच्या आत दिवसभर पाण्यात खेळत आणि संध्याकाळी परत जात. त्या काळात तिथे गेलेल्या किती जणांनी गोराई गाव पाहिलं? मी शाळेच्या सहलीतून गेलो होतो. गोराई हे गाव आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. शेजारी २००९ मध्ये विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन झालं, आठ हजार माणसं बसतील एवढा बिनखांबी घुमट. तिथे जाणारे निदान शांत असतात.

मधल्या काळात, २००६-०७ च्या सुमाराला, या पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करायचा प्रस्ताव आला. धारावी बेट बचाव समिती आणि इथली गावं, ख्रिस्ती कोळी, आगरी, शेतकरी सगळे मिळून, रस्त्यावर उतरली. प्रस्ताव मागे पडला. त्यानंतर मनोरी-गोराई-उत्तनच्या सुमारे ४३ चौरस किलोमीटरसाठी एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं आणि आराखड्यात ‘मनोरंजन आणि पर्यटन विकास क्षेत्र’ आलं. नकाशावर गावाच्या नावाआधी त्याचा उपयोग छापला जातो, तेव्हा गावकऱ्याला जे वाटायचं ते वाटतंच.

आता जरा लांब जाऊ.

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ओआहाका राज्यात, मासुंते नावाचं एक छोटं गाव आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत हे गाव कासवांच्या कत्तलखान्यावर जगत होतं. ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्या कोकणात येतं तेच कासव. कातडं युरोपात आणि जपानला, बाकीचं मिळेल तिथे. जवळच्या एस्कोबियाच्या किनाऱ्यावर हजारोंनी कासवं एकाच वेळी अंडी घालायला येतात, त्यामुळे मालाला तोटा नव्हता. मे १९९० मध्ये मेक्सिकोच्या सरकारने कासवांच्या शिकारीवर संपूर्ण बंदी घातली आणि एका कागदाने गावाची चूल विझली. कत्तलखाना बंद झाला, पर्यायी काम कुणी दिलं नव्हतं. सगळ्याच बंदीवाल्यांची ही जुनी खोड.

पुढची काही वर्षं गावाने जे केलं ते बघण्यासारखं आहे. सरकारने तिथे कासव केंद्र उभारलं, कासवं मारणारे काही हात त्यांना सांभाळायला लागले. बॉडी शॉप कंपनीच्या अनिता रॉडिक यांच्या मदतीने नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांचा छोटा कारखाना निघाला; तो सहकारी, गावातल्या कुटुंबांचा. जवळच्याच ला वेंतानियाच्या लोकांनी खारफुटीच्या तळ्यातून होडी फिरवायची सहकारी संस्था काढली. मगरी, पक्षी, कांदळवन दाखवायचं, होडी वल्ह्यांनी चालवायची, आणि पाहुणा मिळेल त्या होडीत न चढता संस्थेच्या पाळीने चढायचा. या सगळ्याच्या मुळाशी ओआहाकातली एक जुनी रीत आहे. तिथे गावाची सभा हीच खरी सत्ता. तिथला प्रौढ माणूस वर्षातले काही दिवस गावाच्या कामासाठी फुकट राबतो, त्याला ‘तेकियो’ म्हणतात. आपल्याकडच्या इरजिकीचा तो लांबचा चुलतभाऊ म्हणता येईल, फक्त इरजीक एका शेतकऱ्यासाठी असते आणि तेकियो गावासाठी. जमीनही पुष्कळ ठिकाणी सामुदायिक. बाहेरच्याला ती सरळ विकत घेता येत नाही. गावाला विचारावं लागतं.

मासुंते स्वर्ग झालं, असं मात्र नाही. २०१५ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने त्याला ‘जादुई गाव’ या पर्यटन यादीत घातलं आणि गर्दी वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओआहाका शहरापासून पुएर्तो एस्कोंदिदोकडे नवा महामार्ग उघडला; डोंगरातून सहा-सात तास लागत ते अंतर तीन तासांच्या आत आलं. सर्फिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या पुएर्तो एस्कोंदिदोत लॅपटॉप घेऊन येणारे अमेरिकन आणि युरोपीय महिनोन्‌महिने राहू लागले, भाडी वाढली, स्थानिक पोरांना स्वतःच्या गावात खोली परवडेना. जुलै २०२५ मध्ये राजधानीत, मेक्सिको सिटीत, याच कारणावरून मोर्चे निघाले, दुकानांच्या काचा फुटल्या. तिथल्या राज्यघटनेत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परक्या नागरिकाने जमिनीचा थेट मालक होऊ नये अशी तरतूद आहे, तरी बँकेच्या ट्रस्टमधून परदेशी माणसं घरं घेतातच. आणि १९९२ च्या घटनादुरुस्तीने सामुदायिक जमिनींपैकी बऱ्याच जमिनी खासगी करायची वाट मोकळी झाली. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हा कुळकायदा आहे. अलिबाग-मुरूडकडच्या बंगल्यांची रांग बघितली की तो कसा पाळला जातो ते कळतं.

तरीही मासुंते आणि पुएर्तो एस्कोंदिदो यांच्यात फरक आहे, आणि तो समुद्राच्या निळाईचा नाही. जिथे सभा टिकली तिथे येणाऱ्याला गावाच्या चालीने चालावं लागतं. जिथे जमीन सुटी सुटी विकली गेली तिथे गावाचीच पोरं दुसऱ्याच्या हॉटेलात वेटर होतात. खारीच्या माणसाला हे सांगायला मेक्सिकोला जायची गरज नाही.

आपल्याकडे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आहे. नाना फडणवीसांचं हे गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तोवर अंडी माणसं न्यायची नाहीतर कोल्हे-कुत्री खायची. घरटी उकरून अंडी कुंपणातल्या वाळूत ठेवायची आणि दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची, एवढंच काम. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं सोडायची वेळ सकाळ-संध्याकाळची, म्हणजे पाहुण्याला मुक्काम करणं भाग. आणि मुक्कामाला लॉज नाही, गावातली घरंच. ओटीवर गाद्या, दोरीच्या पलीकडून बघायचं, पिल्लाला हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, जेवायला आमटी-भात आणि नशीब असेल तर मोदक. पिल्लू एखाद्या दिवशी निघतच नाही, मग पाहुणा हिरमुसतो, आणि यजमानीण ‘त्यांना काय तुमची सुट्टी माहीत?’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणून चहा पुढे करते. पैसा थेट घरात येतो. कुणाच्या घरी किती पाहुणे याच्यावरून रुसवेफुगवे होणारच, गाव आहे. पण ते गावातल्या गावात मिटतात, कारण वेळासला ग्रामपंचायत आहे, मंडळ आहे, आणि समोरासमोर बसायची सवय आहे.

उत्तनला वेळाससारखं करता येईल का, असं विचारणारे बरेच भेटतात. घरं आहेत, मासळी आहे, भाजी-भाताची शेती अजून थोडी आहे, चर्च आहेत, किल्ल्याची जागा आहे, दीपगृह आहे. मुंबईपासून दीड तासावर एवढं एकत्र दुसरीकडे कुठे आहे? फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रोही सुरू झाली, म्हणजे चौकचा किल्ला आणि वसईचा किल्ला एका दिवसात, पाण्यावरून, बघता येतात. चिमाजी अप्पांना जे जमवायला दोन वर्षं लागली ते आता चाळीस-पन्नास रुपयांच्या आत होतं, एवढं तरी श्रेय शासनाला द्यायला हवं. मलाही एकेकाळी वाटायचं की दोन-चार बचत गटांना हाताशी धरून घरगुती मुक्काम सुरू केले की झालं. आता वाटत नाही, निदान तेवढ्याने होईल असं वाटत नाही.

कारण पाहुण्याला शिस्त लावायची तर आधी यजमानाला घर टिकेल याची खात्री हवी, आणि या किनाऱ्याला ती नाही. दहिसर-मीरा-भाईंदर मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्व्याच्या शेतांवर ठरली. शेतकऱ्यांनी विरोध केला, ती डोंगरीच्या टेकडीवर गेली, आणि २०२५ मध्ये तिथल्या दहा हजारांहून जास्त झाडांचा प्रश्न उभा राहिला. वर्सोव्याकडून येणारा सागरी रस्ता दहिसरमार्गे भाईंदरला येणार आहे, कांदळवनातून. पुढे उत्तन-विरार सागरी सेतूचा घाट आहे. ज्या पाण्यात कवी आहेत त्या पाण्यात खांब येणार म्हणून उत्तन, वसई, अर्नाळ्याचे मच्छीमार विरोध करतात. यातला प्रत्येक रस्ता झाला की दीड तासाचा अर्धा तास होईल. पुएर्तो एस्कोंदिदोकडे जाणाऱ्या रस्त्याने असाच वेळ वाचवला होता. मेट्रो नको, रस्ते नकोत, असं मी म्हणणार नाही; विरारच्या लोकलला लटकून गेलेल्या माणसाला ते म्हणायचा अधिकार नाही. पण अंतर कमी झालं की जमिनीचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की खारीत जे झालं ते होतं: लग्न, वाटणी, दोन फ्लॅट.

आणि कचरा. सहलीला जाणाऱ्याने बाटली परत आणावी, हे सगळे सांगतात, मीही सांगतो. आपण आपली बाटली इमानाने सॅकमधून भाईंदरला परत आणतो आणि सोसायटीच्या डब्यात टाकतो. सकाळी घंटागाडी येते. मीरा-भाईंदरचा कचरा नेऊन टाकायची जागा उत्तनच्या धावगी डोंगरावर आहे. म्हणजे बाटली दोन दिवसांत पुन्हा उत्तनला पोचते, फक्त आता टेकडीवर. पावसाळ्यात त्या ढिगाऱ्याचं काळं पाणी खाली उतरतं, शेतात आणि विहिरींकडे, याबद्दल गावकरी वर्षानुवर्षं अर्ज, मोर्चे, रास्ता रोको करत आले आहेत. अधूनमधून ढिगाला आग लागते आणि धूर गावात भरतो. खाली समुद्रात डोल जाळं उचललं की मासळीबरोबर प्लास्टिक येतं, ते वेगळं करायला बोटीवरचे हात लागतात. एवढं झाल्यावर रविवारच्या पोरांना स्वच्छतेचं प्रवचन देणं मला जरा सोयीचंच वाटतं. ती पोरं बऱ्याचदा खारी-नवघरचीच असतात, आजोबांनी मीठ ओढलेलं, स्वतः कॉल सेंटरला जाणारी. त्यांना समुद्र बघायला दुसरी जागा कुठे आहे?

तरी जाणाऱ्याने काही गोष्टी जरूर कराव्यात, त्या फुकट आहेत. गाडी वाळूवर नेऊ नये. जवळा ओळखायला शिकावं. जून-जुलैत जाऊन ताजी मासळी मागू नये. सुका बोंबील घ्यायचा तर ज्या बाईने टांगला तिच्याकडूनच घ्यावा, आणि ‘मावशी, जरा कमी करा ना’ म्हणण्याआधी अवकाळीत किती गेला ते विचारावं. चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर बाहेर थांबावं. मुक्काम मिळाला तर जेवण हॉटेलात न करता घरात करावं. ड्रोन घरी ठेवावा. एवढं केलं तर उत्तनच्या माणसाला तुम्ही दिसलात तरी राग येणार नाही, एवढीच त्याची फलश्रुती.

बाकीचं काम पाहुण्याचं नाही. महाराष्ट्रात महापालिकांच्या कायद्यात २००९ मध्ये एक दुरुस्ती झाली आहे. मतदान केंद्रांच्या हिशेबाने छोटे छोटे विभाग करायचे, प्रत्येक विभागातल्या मतदारांची क्षेत्रसभा भरवायची, नगरसेवकाने तिथे येऊन लोकांचं ऐकायचं. म्हणजे शहरातली ग्रामसभाच. कायदा झाला, पण बहुतेक शहरांत एकही क्षेत्रसभा भरली नाही. नगरसेवकांना ती नको असते, प्रशासनाला त्याहून नको असते, आणि फ्लॅटमधल्या मतदाराला असं काही आहे हे माहीतच नसतं. सोसायटीच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही तिथे क्षेत्रसभेला कोण जातं! पण उत्तन, पाली, चौक, डोंगरी इथे लोक अजून एकमेकांना नावाने ओळखतात, संध्याकाळी बंदरावर भेटतात, मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकांत तावातावाने भांडतात. कायद्यातली क्षेत्रसभा मीरा-भाईंदरमध्ये कुठे खरोखर भरू शकत असेल तर ती इथेच. गाड्या कुठे थांबाव्यात, घरगुती मुक्काम कुणी आणि किती ठेवावेत, वाळवणाच्या जागा कोणत्या, त्यांना कुंपण घालायचं की नुसती पाटी लावायची, हे तिथे ठरू शकतं, आणि ठराव कागदावर आला की प्रशासनाला निदान उत्तर द्यावं लागतं. अर्थात पर्यटन हा त्या सभेतला दुसरा किंवा तिसरा विषय असेल. पहिला विषय धावगीचा कचरा.